शोकेसमधला पाइप

"अर्धा तास! फार तर पस्तीस मिनिटं!" तेत्सुओ इसोगाईंनी जेवणाच्या टेबलावर थाप मारून जाहीर केलं. "जुना पाइप काढायचा, नवा बसवायचा. दोन स्क्रू, एक स्प्रिंग. यात न जमण्यासारखं आहेच काय?"

मिचिएबाई आरशासमोर केसांत कागदी फुलं खोचत होत्या. शुक्रवारी सकाळी त्यांचा हवाईयन नाचाचा क्लास असायचा.

"गेल्या वर्षी नळाचं वायसर बदलायलाही अर्धाच तास लागणार होता," त्या म्हणाल्या. "मग तीन दिवस आपण चौकातल्या हमामात आंघोळीला जात होतो."

"वायसर वेगळं, पाइप वेगळा!"

"असेल. पण एक सांगून ठेवते, अंगणात इंजिन सुरू करायचं नाही. मागच्या वेळी नागुराबाईंचं मांजर चार दिवस घरी आलं नव्हतं. काय धूर काढायचा तो नदीवर जाऊन काढा!"

एवढं बजावून मिचिएबाई फुलांसकट सायकलवर बसून गेल्या, आणि इसोगाईंनी टेबलावरचं फडकं दूर करून त्या पाइपकडे पुन्हा एकदा डोळे भरून पाहिलं.

इथं एक खुलासा करायला हवा. इसोगाईंची गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी बग्गी. पण तिला खेळणं म्हणालात तर ते पुढची तीन वर्षं तुमच्याशी हवापाण्यापलीकडे बोलणार नाहीत! तिला खरं इंजिन होतं. अंगठ्याएवढं असेल, पण खऱ्या इंधनावर चालायचं, खरा धूर सोडायचं आणि खऱ्यापेक्षा दुप्पट बोंबलायचं.

तीस वर्षांपूर्वी हामामात्सूजवळच्या नदीकाठच्या मैदानावर दर रविवारी अशा चाळीस-चाळीस बग्ग्या धुरळा उडवत असत. पियानोच्या कारखान्यातले, मोटारसायकलींच्या कारखान्यातले, पोस्टातले, सगळे बाप्ये डबे घेऊन सकाळी सातला हजर. एरंडेलाचा तो गोडसर जळका वास, भाताच्या गोळ्यांना लागलेली तेलाची बोटं, आणि हरलेल्यानं सगळ्यांना थंड चहा पाजायचा हा नियम. इसोगाई तेव्हा कारखान्यात पियानोच्या तारा जुळवायचे. आठवडाभर सूर लावून दमलेला कान रविवारी त्या किंचाळण्यानं ताजातवाना व्हायचा. आता चाळिसांतले पाच उरले होते. आणि मैदानही जाणार होतं, कारण बांध उंच करायचं काम निघालं होतं. परवाचा रविवार शेवटचा.

आणि सोमवारी उदागावा जाणार होता.

उदागावा म्हणजे मॉडेलच्या दुकानाचा मालक आणि इसोगाईंचा पहिल्या रविवारपासूनचा प्रतिस्पर्धी. बायको वारली, गुडघे गेले, गिऱ्हाईक तर कधीच गेलं होतं. शेवटी सेंदाईला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. दुकान आवरताना त्यानं शोकेस उघडली आणि आतला तो पाइप काढून इसोगाईंच्या हातात ठेवला. चांदीसारखा लखलखीत, मध्ये फुगीर, टोकाला निमुळता. तीस वर्षं तो तिथं टांगलेला होता. तीस वर्षं दर शनिवारी इसोगाई काचेला नाक लावून तो बघायचे, किंमत वाचायचे आणि एक स्क्रूचं पाकीट घेऊन घरी यायचे. कधी मुलीच्या पियानोची शिकवणी आड आली, कधी घराचं छप्पर. एकदा बोनस हातात घेऊन गेले, तर नेमकी त्याच आठवड्यात उदागावानं किंमत वाढवलेली!

"घे," उदागावा म्हणाला होता. "पैसे नकोत. रविवारी लावून आण. जायच्या आधी एकदा ऐकायचाय मला. बास."

एवढंच. पण एवढंच फार होतं. रविवारी त्या पाइपनं गायलाच पाहिजे! आणि ज्यानं आयुष्यभर सूर लावले, तो न जुळवलेलं वाद्य घेऊन थेट मैफलीत बसेल काय? शक्यच नाही! म्हणजे शनिवारी अंगणात एकदा इंजिन सुरू करून बघणं आलंच.

मिचिएबाईंची बंदी होती. पण मिचिएबाई शनिवारी दहाला बाजारात असतात. प्रश्न उरला शेजाऱ्यांचा. आवाज करायचा असला की आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दोन आणि समोरच्या तीन घरी काहीतरी हातात घेऊन जायचं आणि आगाऊ माफी मागायची, एवढी रीत इसोगाईंनाही माहीत होती. हे 'काहीतरी' म्हणजे टॉवेल. ते कुठं असतात हे मात्र चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कधी कळलं नव्हतं.

त्यांनी कपाट उघडलं. आणि काय आश्चर्य! चहाच्या डब्यांमागे सहा टॉवेल तयार! पांढरेशुभ्र, घडी घातलेले, प्रत्येकावर तांबड्या गाठीची कागदी पट्टी. पट्टीवर सुबक अक्षरांत लिहिलेलं: 'आजवर सांभाळून घेतलंत, ऋणी आहोत.'

"वा मिचिए!" इसोगाई उद्गारले. "किती नेमके शब्द! तीस वर्षं आवाज सांभाळूनच घेतला की लोकांनी!"

आता, हे शब्द माणूस पट्टीवर एकाच वेळी लिहितो: बिऱ्हाड हलवताना, गल्ली सोडताना. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. इसोगाईंनाही एरवी आठवलं असतं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! डोक्यात पाइप शिरला की दुसऱ्या कशाला तिथं जागा राहत नाही. हे टॉवेल मिचिएबाईंनी उदागावासाठी करून ठेवले होते. बिचाऱ्या विधुराला हे कोण करून देणार, म्हणून. शनिवारी तो ते न्यायला येणार होता.

इसोगाईंनी पाच टॉवेल काखेत मारले आणि निघाले.

पहिलं दार नागुराबाईंचं, अगदी समोरचं.

"नमस्कार नागुरासान. त्रास देतोय जरा. उद्या दहाला थोडा आवाज होईल. मग रविवारी पहाटे निघायचंय. सोमवारपासून मात्र अगदी शांत! माझा काही म्हणून उपद्रव नाही."

नागुराबाईंनी टॉवेल घेतला. पट्टी वाचली. त्यांचा हात तोंडाशी गेला.

"अगंबाई! इतक्या लवकर?"

"लवकर कसलं! तीस वर्षं मनात होतं. आता नाही तर कधी?"

"आणि... मिचिएसान?"

"तिला एवढ्यात बोलू नका हं! मीच सांगेन सवडीनं. आधी कळलं तर घर डोक्यावर घेईल."

"म्हणजे तुम्ही एकटेच..."

"एकटा कसा? उदागावा आहे ना बरोबर! सोमवारी सेंदाईला निघालाय तो."

 नागुराबाईंचे डोळे पाणावले. "बरोबर आहे तुमचं, इसोगाईसान. माणसानं मन मानेल तसं जगावं. आमचे हे गेले ते सगळं मनातल्या मनात ठेवूनच गेले."

एका पाइपसाठी बाईंच्या डोळ्यांत पाणी! इसोगाईंचा ऊर भरून आला. माणुसकी अजून शिल्लक आहे म्हणायची, असं मनाशी म्हणत ते पुढच्या दाराकडे वळले.

शेजारची होशिनो तान्हं बाळ कडेवर घेऊन बाहेर आली. टॉवेल बघून तिचा चेहराच उतरला. "मागच्या महिन्यात बाळ झोपत नाही म्हणून मी बोलले होते... आमच्यामुळे तर नाही ना?"

"छे छे! काहीतरीच! तुमचं बाळ रडतं ते एकदम सुरात रडतं. मला तर त्याची सवयच झालीय."

ती "मी... मी जरा..." करत आत पळाली.

गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष कातागिरी मात्र व्यवहारी माणूस. त्यांनी टॉवेल घेतला, तिथल्या तिथं वही उघडली. "कावळ्यांपासून कचऱ्यावर जाळी घालायची पाळी तुमची होती."

"आता ते तुम्हीच बघा बुवा," इसोगाई म्हणाले. रविवारी कोण जाळी घालत बसणार?

"आणि तुमची मोटार उभी करायची जागा?"

"रिकामीच की! खुशाल वापरा."

कातागिरींनी वहीत दोन ओळी खरडल्या, वही मिटली आणि कमरेत वाकून असा काही नमस्कार केला, की तसा त्यांनी मागच्या नगराध्यक्षांनाही केला नव्हता.

उरलेल्या दोन घरीही असंच झालं. आता कुणी म्हणेल, पाच घरं, पाच शहाणी माणसं, एकानंही "कुठं चाललात?" म्हणून सरळ विचारू नये? पण ही गल्ली तशी नाही. इथं कुणाला थेट विचारणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं. आपण अंदाज बांधायचा, आणि अंदाजाला शोभेल असा खाऊ घेऊन जायचं.

इसोगाई घरी आले आणि कामाला बसले. दोन स्क्रू तर दोन मिनिटांत निघाले! जुना पाइप सुटला. नवा मात्र जुन्याच्या पावणेदोनपट लांब निघाला.

"लांबी म्हणजेच ताकद," ते स्वतःशी म्हणाले.

आता राहिली स्प्रिंग. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, पण पीळ असा की बैलाला बांधावं. मिचिएबाईंची क्रोशाची सुई आणून त्यांनी स्प्रिंगचा आकडा ओढला. आणखी ओढला. जीभ दातांत धरून अजून थोडा ओढला. टिंग! स्प्रिंग उडाली, दिव्यावर आपटली आणि उघड्या लोणच्याच्या मडक्यात दिसेनाशी झाली.

ते मडकं साधंसुधं नव्हतं. इसोगाईंच्या आईच्या वेळचं, तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्याचं. रोज हातानं ढवळायचं आणि पोटच्या पोरासारखं जपायचं. इसोगाईंनी बाह्या सारल्या आणि मडकं मांडीत घेऊन कोपरापर्यंत हात घातला. काकडी आली. वांगं आलं. तीन मुळे आले. कोंड्याचा वास नाकात जाऊन डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

नेमके त्याच क्षणी कातागिरी सुक्या मासळीचा पुडा घेऊन अंगणाच्या बाजूनं आले. आईचं मडकं कुशीत घेऊन रडणारे इसोगाई त्यांनी पाहिले. त्यांच्यासारख्या व्यवहारी माणसालाही गहिवरून आलं! पुडा कट्ट्यावर ठेवून ते चवड्यांवर मागे फिरले.

स्प्रिंग सापडली. पाइप बसला. आता गाडीवर प्लास्टिकचं टरफल चढवायला गेले, तर पाइपचं टोक आडवं येऊ लागलं. म्हणजे टरफलाला भोक पाडायला हवं. हे टरफल आतून रंगवलेलं असतं. त्यावर तांबड्या रंगात सात आकडा होता, मुलीनं आठव्या वर्षी रंगवलेला, किंचित तिरपा. इसोगाईंनी ते उपडं धरलं, पाइपचं माप घेतलं, खूण केली आणि नाजूक कात्रीनं सुरेख गोल भोक पाडलं. मग सुलटं करून गाडीवर ठेवलं. पाइप उजवीकडे, भोक डावीकडे!

"हवा खेळायला बरं," असं म्हणून त्यांनी दुसरं भोक पाडलं. सात आकडा तेवढा वाचला, हे नशीब.

दुपारभर दारात माणसं येत राहिली. संत्र्यांची पेटी आली. चहाचा डबा आला. "तब्येतीला जपा," म्हणाले. "तुमच्या आवाजाशिवाय रविवार सुना सुना वाटेल," म्हणाले. एका शर्यतीसाठी अख्खी गल्ली पाठीशी उभी राहिलेली बघून इसोगाईंना भरून येत होतं. हरणं तर आता शक्यच नव्हतं!

संध्याकाळी मिचिएबाई परतल्या, तो दारातच नागुराबाईंनी त्यांना गाठलं आणि गरम भाजीचं पातेलं हातात ठेवलं.

"एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो हो. मी अनुभवलंय. कधीही या माझ्याकडे जेवायला. अगदी कधीही!"

मिचिएबाई बुचकळ्यात पडल्या. पण त्याही याच गल्लीतल्या. त्यांनीही विचारलं नाही. आपल्या गुडघ्याचं दुखणं नवऱ्यानं बाहेर सांगितलेलं दिसतंय, असा अंदाज त्यांनी बांधला, आणि उलट भेट म्हणून दुसऱ्या दिवशी मडक्यातला एक मुळा द्यायचं ठरवलं. मडक्यातल्या मुळ्यांना तेलाचा वास का येतो, हे त्यांना त्या रात्री काही उमगलं नाही.

शनिवार उजाडला. घोडामैदान जवळ आलं!

दहाला पाच मिनिटं कमी असताना इसोगाई अंगणात उकिडवे बसले. कानांत बोळे, हातात रिमोट. मिचिएबाई बाजाराच्या पिशव्या घेऊन निघाल्या होत्या खऱ्या, पण उदागावा टॉवेल न्यायला येणार हे आठवून अर्ध्या वाटेतून मागच्या दारानं घरात शिरल्या होत्या. हे इसोगाईंना ठाऊक नव्हतं. फाटकाबाहेर चपला न वाजवता वीसेक माणसं जमली होती, हेही ठाऊक नव्हतं. कातागिरींनी चादरीवर मोठ्या अक्षरांत 'इसोगाईसान, सुखी राहा!' असं लिहून आणलं होतं. होशिनो बाळाला घेऊन पहिल्या रांगेत होती. निरोपाच्या गाण्याचे कागद सगळ्यांना वाटून झाले होते.

इसोगाईंनी दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स. तिसऱ्यांदा ओढली आणि इंजिन सुरू झालं! निळसर धूर उठला, आणि त्या धुराबरोबर तो वास. एरंडेलाचा, गोडसर, जळका. इसोगाईंनी डोळे मिटले. क्षणात नदीकाठ समोर आला. चाळीस जण हातात रिमोट घेऊन उभे, गुडघे धड असलेला उदागावा टोपी उलटी घालून शिव्या देतोय, आणि आठ वर्षांची मुलगी चिखलात उड्या मारत ओरडतेय, "सात! सात! आमची सात!"  कुठं गेले ते रविवार?

त्यांनी वेग वाढवला. पाइप गाऊ लागला. काय तो आवाज! जुन्या पाइपसारखं किरकिरणं नाही. भरदार, गोल, चढत चढत वर जाणारा. "आणखी," इसोगाई पुटपुटले आणि अंगठा दाबला.

पाइप तापला. लांब पाइपला आधार म्हणून लावलेली रबरी नळी फुगली आणि वेगाच्या दांडीला चिकटली. आता अंगठा काढून काय उपयोग? बग्गी सुटली!

कुंडी उडवली. फाटकाखालून बाहेर पडली. गल्लीत वीस माणसांनी गाण्यासाठी नुकता श्वास घेतला होता, तो किंकाळ्यांसाठी कामी आला. बग्गी कातागिरींच्या दोन पायांमधून गेली. चादरीचं टोक तिच्या मागच्या पंखात अडकलं आणि 'इसोगाईसान, सुखी राहा!' ताशी साठच्या वेगानं गल्लीतून निघालं! होशिनोंचं बाळ टाळ्या पिटू लागलं. परकी मांजरं येऊ नयेत म्हणून नागुराबाईंनी भिंतीकडेला मांडलेल्या पाण्याच्या बाटल्या एकामागून एक आडव्या झाल्या. त्यांचं मांजर पुन्हा चार दिवसांसाठी रवाना झालं. मागून कानांत बोळे आणि हातात रिमोट घेऊन इसोगाई धावत होते. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

गल्लीच्या तोंडाशी काठी टेकून एक म्हातारा उभा होता. तो हलला नाही. उलट त्यानं डोळे मिटले होते आणि मान किंचित कलती केली होती. बग्गी शेवटच्या बाटलीवर आपटली, कोलांटी खाऊन उताणी पडली आणि त्याच्या पायांशी चाकं फिरवत किंचाळत राहिली. म्हाताऱ्यानं तिला आणखी दोन क्षण किंचाळू दिलं. मग शांतपणे चपलेची टाच पाइपच्या तोंडावर दाबली. इंजिन गप्प झालं.

"सूर अर्ध्या पट्टीनं उतरलाय," उदागावा म्हणाला. "आणि हा मुळ्याचा वास कुठून येतोय?"

कुणी हसेना. तेवढ्यात मिचिएबाई ओरडत फाटकातून बाहेर आल्या.

"अहो! उदागावासानसाठी केलेले निरोपाचे टॉवेल कुठं गेले? सहातला एकच उरलाय!"

वीस माणसांनी आधी मिचिएबाईंकडे पाहिलं, मग इसोगाईंकडे. मग कातागिरींनी वही उघडली.

"म्हणजे तुम्ही जात नाही आहात?"

"मी? कुठं?"

"सेंदाईला! याच्याबरोबर!" नागुराबाईंनी काठीवाल्याकडे बोट दाखवलं. "बायकोला टाकून!"

"टाकून?" मिचिएबाई.

"सेंदाईला?" इसोगाई.

"याच्याबरोबर?" उदागावा दचकून म्हणाला. "मी याला नदीवर चार तास सहन करतो, तेच पुष्कळ आहे!"

सगळा उलगडा व्हायला पाव तास लागला. त्या पाव तासात इसोगाई इतक्या वेळा वाकले, की त्यांची कंबर पुढे आठवडाभर कुरकुरत होती. कातागिरींनी मोटारीच्या जागेची ओळ खोडली, पण जरा नाइलाजानंच. ती जागा त्यांनी जावयाला कबूल करून टाकली होती.

"माफ कर," शेवटी इसोगाई उदागावासमोर उभे राहिले. त्यांना खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "पाइप चेपला. टॉवेल वाटून बसलो. तुझ्या शेजाऱ्यांना आता काय देशील?"

उदागावानं काठीनं एक बाटली उभी केली. "कोणते शेजारी? माझ्या डावीकडे शटर, उजवीकडे शटर. समोर मोटारी लावायचं मैदान. मिचिएसानना नको म्हणवलं नाही, म्हणून गप्प होतो." तो जरा थांबला. "बरं झालं वाटलेस ते. घेणाऱ्या माणसांच्या हातात तरी पडले."

 मग कातागिरींनी घसा साफ केला. "गाणं बसवलंय आम्ही," ते म्हणाले. "रात्रभर जागून. फुकट कशाला घालवायचं?"

आणि मग त्या वीस माणसांनी, ज्या माणसाचं नावही त्यांना कालपर्यंत माहीत नव्हतं, त्याला तीन कडव्यांचा निरोप दिला. संत्री, चहा, सुकी मासळी सगळं त्याच्या हवाली केलं. इसोगाईंना कान होता म्हणून सांगतो, सूर कुणाचाच लागला नाही. पण उदागावा काठीवर दोन्ही हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होता, आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत होता.

रविवारी नदीवर पाच बग्ग्या पळाल्या. इसोगाईंनी चेपलेला पाइप हातोडीनं ठोकून जमेल तसा सरळ केला होता. त्यांचा नंबर पाचवा आला, आणि नियमाप्रमाणे त्यांनी सगळ्यांना थंड चहा पाजला. पण तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर पाइप एकदा गायला. अर्धा मिनिट असेल. पाचही जण रिमोट हातात धरून तसेच उभे राहिले, आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

सोमवारी स्टेशनावर मिचिएबाई आणि इसोगाई पोचवायला आले होते. गाडी लागली. उदागावानं पिशवीतून एक टॉवेल काढला. सहावा. पट्टी तशीच होती, 'आजवर सांभाळून घेतलंत, ऋणी आहोत.'

"घे," तो म्हणाला. "द्यावा असा शेजारी मला एकच होता."

 तीस वर्षांचे शनिवार इसोगाईंना एकदम आठवले. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला आणि नको नको म्हणताना रडू फुटलं.

"रडू नको रे. आणि एक सांगायचं राहिलं." उदागावा दारात चढला. "तो पाइप बग्गीचा नाही. बोटीचा आहे."

"काय?"

"रिमोटच्या बोटीचा. कंपनीनं चुकून पाठवला होता. म्हणून तर एवढा लांब!"

"तीस वर्षं!" इसोगाई ओरडले. फलाटावरची माणसं वळून बघू लागली. "तीस वर्षं टांगून ठेवलास आणि बोलला नाहीस? वर किंमत वाढवलीस?"

"तू बोनस घेऊन आला होतास. घेऊन टाकला असतास तर?" उदागावा म्हणाला. "मग शनिवारी कशाला आला असतास?"

दार बंद झालं. काचेपलीकडे म्हातारा हसत होता की रडत होता, कळायला मार्ग नव्हता. गाडी हलली, आणि इसोगाई हातातला टॉवेल हलवत फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.

परतताना बस पुलावरून गेली. खाली मैदानावर खांब रोवायला सुरुवात झाली होती. बाजूनं नदी मात्र पूर्वीसारखीच वाहत होती, रुंद आणि संथ. इसोगाई बराच वेळ खिडकीतून त्या पाण्याकडे बघत होते.

"मिचिए."

"नाही," मिचिएबाई म्हणाल्या.

"अजून मी काही बोललोच नाही!"

"बोट आणायचीय."

इसोगाई ओशाळले. मांडीवरच्या टॉवेलची घडी उगाच नीट करू लागले. दोन स्टॉप गेल्यावर मिचिएबाईंनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "बसवायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास! फार तर पस्तीस मिनिटं!"

"बरं," त्या म्हणाल्या. "पण या वेळी टॉवेल मी वाटणार."